दर्शनाला चाललोय, राजकारणाशी काय करायचंय

"आपण देवदर्शनाला चाललोय, त्यांच्या राजकारणाशी आपल्याला काय करायचंय?" पवित्र भूमीला निघालेल्या कुठल्याही ग्रुपमध्ये हे वाक्य कोणीतरी बोलतंच. २०१८ ला आमच्या पॅरिशचा ग्रुप गेला तेव्हा चेक-इनच्या रांगेतच ते बोलून झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या, मी पण डोलावली. बोलणाऱ्याला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. ही साधी माणसं असतात, वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकून निघालेली, प्रभू येशू जिथे जन्मला आणि जिथे त्याने क्रूस उचलला ती जागा मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायची असते, कोणाशी भांडण नसतं. पण आठ दिवस इस्रायल आणि वेस्ट बँकेत, म्हणजे १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टिनी भागात, फिरून आल्यापासून मला हे वाक्य गळ्याखाली उतरत नाही. त्या भूमीत कुठल्या दारातून कोणाला आत सोडायचं यावरूनच तर सगळं पेटलंय, आणि आपण त्या दारातून आत गेलो की त्यातले झालो, आपल्याला आवडो न आवडो.

बेथलेहेम ते जेरुसलेम अंतर किती, तर जेमतेम ९ किलोमीटर. मी समुद्र ओलांडून आले आणि ते अंतर एसी बसमध्ये बसून जाता-येता पार केलं, मला कोणी खाली उतरवलं नाही, पासपोर्ट पण फक्त वर धरून दाखवला. आणि बेथलेहेममध्येच जन्मलेल्या, तिथल्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती माणसाला गुड फ्रायडेला जेरुसलेममधल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये, म्हणजे येशूची कबर जिथे मानतात तिथे, जायचं असेल तर इस्रायलच्या लष्करी प्रशासनाचं परमिट लागतं. नाताळ-ईस्टरला काही परमिटं सुटतात, पण सगळ्या घराला मिळतीलच असं नाही, नवऱ्याला येतं आणि बायकोचं येत नाही. मुसलमानांचं तेच, २०२४ च्या रमजानमध्ये वेस्ट बँकेतल्या पुरुषाला शुक्रवारच्या नमाजासाठी जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत जायचं तर वय ५५ च्या वर हवं होतं, बाईचं ५० च्या वर, आणि वर परमिट वेगळं. विशीतल्या पोराने काय करायचं? त्याच मशिदीत दुसऱ्या देशातून आलेले मुस्लिम यात्रेकरू त्याच्या आधी जाऊन येतात.

आता लगेच कोणी म्हणेल की ही एकच बाजू झाली. बरोबर आहे, म्हणून दुसरी पण सांगते. १९४८ च्या युद्धानंतर जुनं जेरुसलेम जॉर्डनकडे गेलं, १९४९ च्या युद्धविराम करारात ज्यूंना त्यांच्या पवित्र जागांवर येऊ द्यायचं कबूल केलेलं होतं, तरी पुढची १९ वर्षं इस्रायली ज्यूंना पश्चिमी भिंतीपाशी, त्यांच्या प्रार्थनेच्या सगळ्यात पवित्र जागी, पाऊल ठेवता आलं नाही, ऑलिव्ह डोंगरावरच्या त्यांच्या दफनभूमीतले दगड उपटून वापरले गेले. मग जून १९६७ ला इस्रायली सैन्य आत आलं आणि काही दिवसांत भिंतीसमोरची मोरोक्कन वस्ती, शेकडो वर्षं जुनी, तिथल्या लोकांना बाहेर काढून पाडून टाकली. आज आपण ज्या मोठ्या पटांगणात उभं राहून फोटो काढतो ते तिथे झालंय. मी त्या पटांगणात उभी राहून दगडांच्या फटीत चिठ्ठी ठेवली, घरच्यांची नावं लिहिलेली, आणि आपण कोणाच्या घराच्या जागेवर उभे आहोत हे मला परत आल्यावर वाचताना कळलं. गाइडने सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

धर्म आणि राजकारण वेगळं काढायचं म्हणणाऱ्यांनी पवित्र कबरीच्या चर्चमध्ये तासभर नुसतं उभं राहावं असं मला वाटतं. सहा पंथांचं एक चर्च, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, आपले कॅथलिक म्हणजे फ्रान्सिस्कन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन, आणि कुठला खांब कोणी झाडायचा हे सुद्धा ऑटोमन काळापासून ठरलेलं, १८५२ च्या फर्मानाला आज पण तिथे 'स्टेटस को', म्हणजे आहे ते तसंच ठेवायचं, म्हणतात आणि ते मोडायची कोणाची हिंमत नाही. किल्ली एका मुस्लिम घराण्याकडे, दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. गाइड लोक ही गोष्ट सलोख्याची म्हणून गोड करून सांगतात आणि ऐकायला बरं पण वाटतं, पण ख्रिस्ती पंथांचा एकमेकांवर भरवसा नाही हे त्यात गाळून टाकलेलं असतं. इथिओपियन साधू छतावरच्या झोपड्यांत राहतात कारण छतावरून त्यांचा आणि कॉप्टिक लोकांचा वाद मिटलेला नाही. २००८ मध्ये ग्रीक आणि आर्मेनियन साधूंची त्या कबरीपाशी हाणामारी झाली, पोलिसांना आत यावं लागलं. आणि बेथलेहेमच्या गुहेतला, येशूच्या जन्माच्या जागेवरचा तो चांदीचा चौदा टोकांचा तारा, आपण ज्याच्यावर ओठ टेकवतो, तो १८४७ ला चोरीला गेला आणि त्यावरून फ्रान्स-रशियाचं जे वाजलं ते क्रिमियन युद्धाच्या कारणांमध्ये धरतात. ज्या जागेवर आपण गुडघे टेकतो ती जागा अशी आहे, मग राजकारण नको म्हणून तिथे नक्की कशाकडे पाठ फिरवायची?

आमच्या प्रोग्राममध्ये बेथलेहेमला तीन तास होते. सकाळी बस चेकपॉइंटवरून आत, इस्रायली गाइड वाटेत उतरला कारण इस्रायली नागरिकांना पॅलेस्टिनी प्रशासनाच्या 'ए' भागात जायला त्यांच्याच सरकारची बंदी आहे, तिथून पुढे लोकल गाइड, मग चर्च, गुहा, तारा, बाहेर आलो की थेट ऑलिव्ह लाकडाच्या वस्तूंच्या मोठ्या दुकानात, अर्धा तास खरेदी, बस, परत. जेवण पण जेरुसलेमला. २०१९ ला इस्रायलला ४५ लाखांच्या वर पर्यटक आले, त्यातले कितीतरी असेच बेथलेहेमला आले आणि तासा-दोन तासांत निघून गेले, रात्रीच्या खोलीचे पैसे भिंतीच्या त्या बाजूला. बसच्या काचेतून ती भिंत दिसते, सिमेंटची, जागोजागी ८ मीटर उंच, आमच्यातल्या एकीने विचारलं ही कसली भिंत तर उत्तर आलं "सिक्युरिटी" आणि विषय संपला.

भिंतीचं मला जे समजलंय ते असं. २००२ ला बांधायला सुरुवात झाली तेव्हा जेरुसलेम आणि तेल अवीवमध्ये बसेस, हॉटेलं, बाजार उडवले जात होते, माणसं सकाळी बसने कामाला जायला घाबरत होती, आणि नंतरच्या वर्षांत ते आत्मघाती हल्ले खूप कमी झाले. पण भिंत सीमेवर बांधली नाही, तिचा बहुतेक मार्ग वेस्ट बँकेच्या आतून जातो, कोणाचं ऑलिव्हचं शेत पलीकडे गेलं, बेथलेहेमच्या कडेला असलेली, ज्यूंना पवित्र असलेली राहेलची कबर भिंतीने वळसा घालून आत ओढून घेतली, आणि २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला म्हणून जे मत दिलं त्यात हे बांधकाम कायद्याविरुद्ध ठरवलं. ह्यातलं एक सांगून दुसरं लपवायचं हे मला पटत नाही, यात्रेकरूने तर अजिबात करू नये, त्याचं तिथे घर नाही शेत नाही, लपवून त्याला मिळायचंय काय.

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्हाला मोकळी दुपार होती. बाकीचे खरेदीला गेले, मी आणि एक मैत्रीण दमास्कस गेटजवळून २३१ नंबरची बस पकडून परत बेथलेहेमला गेलो, मनात काय होतं नीट सांगता येणार नाही, तीन तासांत पोट भरलं नव्हतं एवढंच. एका छोट्या गेस्टहाऊसच्या बाईंनी चहा दिला. ख्रिस्ती बाई, घरात मरियामातेचा फोटो. त्यांनी विचारलं जेरुसलेम कसं वाटलं, आम्ही उत्साहात सगळं सांगितलं, येशू क्रूस घेऊन गेला त्या क्रुसाच्या वाटेवर चाललो, तिच्यावरची शेवटची पाच स्थानं पवित्र कबरीच्या चर्चच्या आत कशी आहेत, कबरीसाठी दोन तास रांग होती. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे, तो अजून एकदाच गेलाय, लहान असताना. तक्रारीच्या सुरात नाही बोलल्या, आमच्याच बोलण्यात भर घालावी तसं बोलल्या, पण मला कप खाली ठेवावा लागला.

परतताना बस चेकपॉइंटला थांबली आणि सगळे पॅलेस्टिनी तरुण आपापले उठले, कोणी सांगायच्या आधी, खाली उतरून ओळखपत्रं हातात धरून रांगेत उभे राहिले. आम्ही उठायला लागलो तर ड्रायव्हरने हाताने खूण केली, तुम्ही बसा. दोन सैनिक वर आले, पोरंच होती, एकोणीस-वीस वर्षांची, आमचे पासपोर्ट बघून थँक यू म्हणाली. खाली उभा असलेला मुलगा त्यांच्याच वयाचा. बस अर्धी रिकामी, त्यात आम्ही दोघी बसलेल्या. राजकारणाशी काय करायचंय हे वाक्य मी त्या सीटवर सोडून आले.

आणि आता दुसरी भेट, ती झाली नसती तर मी कदाचित एकतर्फी होऊन बसले असते. मृत समुद्राजवळच्या दुकानात आम्ही मराठीत बोलत होतो तर मागून आवाज आला, "कुठनं आलात गं?" बेने इस्रायली बाई, सत्तरीच्या पुढच्या, साठच्या दशकात कोकणातून गेलेल्या, आता दक्षिणेत डिमोनाला राहतात. तिथे मराठी ज्यू बरेच आहेत, इस्रायलमधून मराठीत 'मायबोली' नावाचं मासिक निघायचं ते सुद्धा त्यांनी सांगितलं. म्हणाल्या इथे आलो तेव्हा आम्हालाच सिद्ध करायला लावलं की आम्ही खरे ज्यू. ते खरंच आहे, १९६२ ला तिथल्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलींच्या लग्नाआधी वंशावळ तपासायचे आदेश काढले होते आणि लोक रस्त्यावर उतरले तेव्हा १९६४ ला ते मिटलं. त्यांचा नातू सैन्यात होता. लढाई लागली की फोन मांडीवर घेऊन स्तोत्रं वाचत बसते म्हणाल्या. मी बेथलेहेमचं सांगितलं तर म्हणाल्या, फार वर्षांपूर्वी एकदा गेले होते बाजाराला, आता तिकडे लाल बोर्ड लावलाय, आम्हाला बंदी.

मला जे म्हणायचंय ते ह्या दोन बायकांमध्ये आहे. चहा देणाऱ्या बाईंच्या मुलाला जेरुसलेमला जाता येत नाही, डिमोनाच्या आजींना बेथलेहेमला जाता येत नाही. त्या दोघींच्या मध्ये जो माणूस सकाळी इथे आणि दुपारी तिथे, दोन्ही घरांत चहा पिऊ शकतो तो फक्त बाहेरून आलेला यात्रेकरू आहे. एवढी मोकळीक त्या भूमीवर जन्मलेल्या लाखो लोकांना नाही आणि आपल्याला ती व्हिसाच्या कागदावर मिळते. ती घेऊन आपण काय करतो तर बसचे पडदे ओढतो, आणि वर त्याला भक्ती म्हणतो. मला हे चूक वाटतं, साधी चूक नाही, त्या दोघींच्या वाट्याची गोष्ट आपण वापरून फेकून देतोय असं वाटतं.

ह्यावर एक आक्षेप आहे तो मी हलका समजत नाही. तो असा की जाऊच नये. इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचे पोप शेनूदा यांनी इस्रायलशी शांतता करार झाल्यावर आपल्या लोकांना जेरुसलेम यात्रेला बंदी केली आणि २०१२ ला मरेपर्यंत ती पाळायला लावली, म्हणजे जेरुसलेमला जायची आस लागलेली कितीतरी म्हातारी माणसं न जाताच गेली. त्याच वर्षी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी अरब लोकांना उलट आवाहन केलं, या, जेरुसलेमला या, कैद्याला भेटायला जाणं म्हणजे तुरुंगवाल्याशी मैत्री करणं नव्हे. मुस्लिम धर्मगुरू युसुफ अल-करदावी यांनी त्याला विरोध केला, म्हणाले ताबा असेपर्यंत जायचं नाही. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि मला अब्बासांचं पटलं, पण एका अटीवर, कैद्याला भेटायला जाताय तर कैद्याला भेटा तरी. तुरुंगाचा दरवाजा, भिंत, आवार बघून, फोटो काढून परत आलात तर करदावीच बरोबर ठरतात. पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी २००९ ला 'कैरोस पॅलेस्टाइन' नावाचं निवेदन काढलं त्यात जगभरच्या चर्चना सांगितलंय, या आणि बघा. तिथले ख्रिस्ती स्वतःला 'जिवंत दगड' म्हणतात, पेत्राच्या पत्रातला शब्द, म्हणजे नुसते जुने दगड बघून जाऊ नका, आम्ही पण आहोत. एकेकाळी बेथलेहेमात ख्रिस्ती बहुसंख्य होते, आता थोडे उरलेत, पोरं बाहेरच्या देशांत जातायत. आपण ज्या चर्चला दर्शनाला जातो त्या चर्चचे लोकच उद्या नसतील.

पोप फ्रान्सिस मे २०१४ मध्ये गेले होते तेव्हा त्यांनी बेथलेहेममध्ये ठरलेलं नसताना गाडी थांबवली, उतरले, त्या भिंतीला कपाळ टेकवून थोडा वेळ गप्प उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जेरुसलेमला दहशतवादी हल्ल्यांत मेलेल्या इस्रायली लोकांच्या स्मारकापाशी पण तसेच उभे राहिले. कोणी म्हणालं इस्रायलविरोधी, कोणी म्हणालं इस्रायलला खूश केलं. ते तर गेले होते यात्रेलाच. आपल्याला ह्यापेक्षा जास्त काही करायला लागत नाही, फक्त गाडी थांबवून उतरायला लागतं, दोन्हीकडे.

वेस्ट बँकेतल्याच हेब्रॉनबद्दल थोडं, कारण तिथे मी गेले नाही आणि न गेल्याचं मनात राहिलंय. आब्राहामाची कबर, ज्यू-मुस्लिम-ख्रिस्ती तिघांचा बाप. १९२९ ला तिथे दंगलीत ६७ ज्यू मारले गेले, काहींना अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. फेब्रुवारी १९९४ ला जवळच्या ज्यू वसाहतीत राहणाऱ्या एकाने तिथे नमाज चालू असताना गोळ्या झाडून २९ मुसलमान मारले. त्यानंतर आतली जागा वाटून टाकली, एका बाजूला मशीद, एका बाजूला सिनेगॉग, वर्षातले दहा-दहा दिवस आळीपाळीने सगळी जागा एकाला. एका बापाच्या लेकरांनी बापाच्या कबरीत भिंत घातली. आमच्या प्रोग्राममध्ये हेब्रॉन नव्हतं, "तिकडे टेन्शन असतं" म्हणून.

टेन्शनचं खोटं नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, त्यानंतर गाझात हजारो-हजारो माणसं मेली, मुलं मेली, १९ ऑक्टोबरला तिथल्या सेंट पोर्फिरियस चर्चच्या आवारावर बॉम्ब पडला तेव्हा आसऱ्याला आलेले ख्रिस्ती मेले. त्या वर्षी बेथलेहेमने नाताळचा झगमगाट रद्द केला, एका ल्युथरन चर्चमध्ये बाळ येशूला गव्हाणीऐवजी तुटक्या सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवलं. यात्रेकरू बंद झाले, आणि जे गाव यात्रेकरूंवर जगतं त्याच्या चुली बंद झाल्या. युद्ध चालू असताना जा असं मी कोणाला सांगणार नाही, जीव काही स्वस्त नाही. पण शांत असताना आपण काय केलं हा प्रश्न उरतो. लाखो ख्रिस्ती दरवर्षी तिथे जाऊन येत होते, आपापल्या गावात येऊन त्यांनी तिथल्या माणसांबद्दल काय सांगितलं? मी पण पहिले कित्येक दिवस पवित्र तेलाच्या बाटल्या वाटत होते.

आपल्याकडे वारी माहीत नसलेला माणूस नाही, ख्रिस्ती असो की कोणी. वारीत रस्ता हीच अर्धी भक्ती असते, मुक्कामाची गावं असतात, त्या गावांत पंगत असते, कोणाच्या ओसरीवर झोपलो ते माणूस वर्षभर लक्षात ठेवतो. पवित्र भूमीच्या टूरमधून आपण नेमका रस्ता काढून टाकला, मुक्काम काढून टाकला, ओसरी काढून टाकली आणि फक्त गाभारे ठेवले, एका दिवसात पाच-पाच.

आता आमच्या मावशीच्या ग्रुपचं परत बोलणं सुरू झालंय, परिस्थिती बघून निघायचं म्हणतायत. एजंटने पाठवलेला प्रोग्राम मावशीने मला वाचायला दिला, दिवस तिसरा, बेथलेहेम, सकाळी ९ ते १२, नंतर मृत समुद्र. मी पेनने त्याच्या समोर लिहून दिलं की मुक्काम इथेच, दोन रात्री, आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, गुहेशेजारच्या सेंट कॅथरीन चर्चमध्ये, टूरवाल्यांची वेगळी नको, गावातल्या लोकांची अरबी मिस्सा. मावशी म्हणाली अरबी आपल्याला काय कळणार. मी म्हटलं, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' कुठे चालू होतं ते कुठल्याही भाषेत कळतं, आणि मिस्सा झाल्यावर लोक अंगणात थांबतात तेव्हा लगेच बसकडे पळू नका. मावशी अजून हो म्हणालेली नाही. एजंटला विचारते म्हणाली.